साखरेला चालते, निकेलला नाही

आंबेगाव तालुक्यात पारगावच्या दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. हंगामात तिथे बोलणे होते ते उसाच्या दराचे आणि उताऱ्याचे. मळीतून साखर वेगळी करणाऱ्या जाळीची चौकशी कोण करणार?

साखर कारखान्यांतल्या कंटिन्युअस सेंट्रीफ्युगल मशीनमध्ये ही जाळी निकेलची असते. पत्र्यासारखी पातळ, वर क्रोमचा मुलामा, फटी जेमतेम ०.०६ ते ०.०९ मिलिमीटरच्या. ती ओतून किंवा ठोकून बनत नाही. निकेलच्या द्रावणात वीज सोडून तिचा थर चढवतात. थरातला ताण कमी व्हावा म्हणून द्रावणात अनेकदा सॅकरिन टाकतात. साखरेच्या या प्रतिस्पर्ध्याच्या रेणूत गंधक असते आणि त्याचा अंश निकेलमध्ये उतरतो.

गंधक साखरेला नवे नाही. महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने पांढऱ्या साखरेसाठी गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात. निकेलचे मात्र त्याच्याशी जमत नाही. शेकड्यात एक-दोन शतांश गंधकानेही थर कडक होतो आणि त्याची तन्यता, म्हणजे न तुटता ताणले जाण्याची ताकद, घटते. तापवल्यावर तर गंधक धातूच्या कणांच्या सीमांवर गोळा होते आणि जाळी ठिसूळ होते. मशीनमधल्या तापमानाला हे घडत नाही. फाटलेल्या जाळीला ज्योत लावून डाग दिला की घडते.

ओतीव निकेलपुरता यावरचा एक उतारा जुना आहे. जर्मनीतल्या थिओडोर फ्लाइटमान यांनी १८७९ च्या सुमारास वितळलेल्या निकेलमध्ये चिमूटभर मॅग्नेशियम घातले. ते गंधकाला बांधून ठेवते आणि निकेल ठोकता येते.

गंधकाची चिमूट धातू बिघडवते, पण चिमटीची करामत उलटही असते. निकेल-ॲल्युमिनियमचे Ni₃Al हे संयुग एरवी काचेसारखे तडकते. १९७९ मध्ये जपानच्या आओकी आणि इझुमी यांनी त्यात किंचित बोरॉन मिसळले आणि ते ताणले जाऊ लागले. पुढे अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत सुमारे ०.१ टक्का बोरॉनने ते ताणून दीडपट लांब झाले.

चिमूटभर घटकाने धातूचा स्वभाव असा बदलतो, म्हणून जाळीच्या निविदेत दर, जाडी आणि फटींच्या मापाबरोबर गंधकाचे प्रमाण व तन्यतेची चाचणीही मागावी. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने त्याचा नमुना मसुदा सर्व कारखान्यांना द्यावा. जाळीचे पैसे शेवटी सभासदांच्याच खिशातून जातात.