उजेडाचा हिशेब

काय दोस्तांनो, फोटो काढता ना? घरात कॅमेरा असो नाहीतर आईचा मोबाईल, हात शिवशिवतातच! आज त्याच्याबद्दलच बोलू या. पण आधी माझी एक फजिती ऐका.

आमच्या गावच्या जत्रेत माझे आबा दरवर्षी पालखीपुढे लेझीम खेळायचे. वय सत्तरीच्या पुढे, पण हलगी कडाडली की पाय थांबायचे नाहीत. एका वर्षी मी नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो. दिवस मावळत आला होता. कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला आणि धडाधड पंचवीसेक फोटो काढले. रात्री सगळं घर बघायला गोळा झालं. बघतो तर काय! देऊळ स्पष्ट, दिव्यांची माळ स्पष्ट, आणि आबांच्या जागी पांढऱ्या धोतराचा नुसता फराटा!

“अरे, यात मी कुठाय?” आबांनी विचारलं.

“पुढच्या वर्षी नीट काढतो, आबा,” मी म्हटलं.

पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे धरले. लेझीम खुंटीवर गेली, ती गेलीच.

चूक कॅमेऱ्याची नव्हती बरं का! मलाच तो कळला नव्हता. तुमची अशी फजिती होऊ नये, म्हणून आजचा हा धडा.

फोटो काढायचा म्हणजे उजेड पकडायचा. कमी पडला तर फोटो काळा, जास्त झाला तर पांढराफटक. हा उजेड तिघे जण मिळून सांभाळतात : अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. आपल्या डोळ्यातली बाहुली अंधारात मोठी होते आणि उजेडात बारीक होते ना, तसंच. त्याचे आकडे असे असतात : एफ २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. गंमत म्हणजे आकडा मोठा, तर भोक लहान! असं का? कारण हा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक. एफ ४ वर साडेबारा. या ओळीत एक पाऊल पुढे गेलात की आत येणारा उजेड निम्मा होतो.

मग भोक कायम मोठंच का ठेवू नये? कारण त्याची किंमत मोजावी लागते. भोक मोठं असलं की थोड्याच अंतरातलं स्पष्ट दिसतं, पुढचंमागचं धूसर होतं. ताईचा एकटीचा फोटो झकास येईल. पण लग्नात तीन रांगांचा फोटो काढलात, तर मागच्या रांगेतले काका रुसतील! तिथं एफ ८ बरा.

शटर स्पीड म्हणजे हे दार किती वेळ उघडं ठेवायचं ते. १/३० म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग, १/२५० म्हणजे अडीचशेवा. कॅमेऱ्यावर कधी कधी नुसतंच ३० किंवा २५० दिसतं, तेव्हा गोंधळू नका. दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर उजेड भरपूर मिळतो. पण तेवढ्या वेळात जे जे हललं, ते पुसट होतं. मग तो समोरचा माणूस असो नाहीतर आपलाच हात!

आता तिसरा, आयएसओ. रेडिओवर लांबचं स्टेशन लावलंय असं समजा. आवाज बारीक येतोय, म्हणून तुम्ही बटण पिळता. गाणं मोठं होतं, पण त्याच्याबरोबर खरखरही मोठी होते! आयएसओचं तसंच आहे. १०० चा २००, २०० चा ४०० केला की कमी उजेडातलाही फोटो उजळ होतो, पण त्यात दाणे दिसायला लागतात. आईबाबांना विचारा, रोलच्या कॅमेऱ्यात १०० चा रोल घातला की ३६ फोटो संपेपर्यंत तोच चालवायचा. तुम्ही तर प्रत्येक फोटोला आकडा बदलू शकता. चैन आहे तुमची!

आता हिशेब. डिजिटल कॅमेरा फोटोबरोबर हे आकडेही साठवून ठेवतो. जत्रेतल्या फोटोंचे आकडे मी नंतर पाहिले : एफ ५.६, १/३०, आयएसओ ४००. उजेडाचा मेळ बरोबर होता. पण लेझीम खेळणाऱ्या माणसाला १/३० कसा पुरणार? मला निदान १/२५० हवा होता. ३० वरून ६०, ६० वरून १२५, १२५ वरून २५०. तीन पावलं, आणि दर पावलाला उजेड निम्मा. म्हणजे तीन पावलं उजेड दुसरीकडून आणायला हवा. एफ ५.६ चा ४ केला की एक पाऊल आलं. आयएसओ ४०० चा ८०० आणि ८०० चा १६०० केला की आणखी दोन. एक अधिक दोन, तीन. फिटला हिशेब! झूम केल्यावर काही लेन्सचं भोक एफ ४ इतकं उघडत नाही. तसं असेल, तर तेही पाऊल आयएसओकडून घ्यायचं. चेहऱ्यावर दाणे आले असते? येऊ देत. दाणेदार आबा चालले असते, फराटा नको होता!

आता तुम्ही करून बघा. घरातला पंखा सुरू करा. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ असं लिहिलेलं असतं, ते लावा. (त्या टीव्हीवर मालिका दिसत नाहीत हं!) आधी १/३० ला फोटो काढा, मग १/२५०, मग १/१०००. पाती कधी थांबलेली दिसतात ते वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर करायचं तर ‘प्रो’ मोड आहे का बघा. बहुतेक मोबाईलमध्ये भोक ठरावीकच असतं, त्यामुळे हिशेब दोघांतच मिटवायचा. शटर आणि आयएसओ!

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. त्या पंचविसातला एक फोटो मात्र छान आला होता. खेळून दमलेले आबा देवळाच्या पारावर बसलेत, लेझीम मांडीवर, कपाळावर गुलाल आणि घाम. तोच कॅमेरा, तोच उजेड, आकडेही तेच : एफ ५.६, १/३०, आयएसओ ४००. फक्त आबा हलत नव्हते! म्हणजे बघा, आकडे चांगले किंवा वाईट नसतात. समोर काय चाललंय आणि आपल्याला त्यातलं काय ठेवायचंय, ते आधी ठरवायचं. आकडे त्याच्या मागून येतात.

तो फोटो आमच्या ओसरीवर लावलाय. आबांच्या हातातली लेझीम मात्र त्यात वाजत नाही. ती वाजवणारा फोटो तुम्ही काढा. आजीचं जात्यावर बसणं, आजोबांची सायकल, बाबांची पोहताना मारलेली उडी, जे असेल ते. पुढच्या वर्षी काढू, असं मात्र म्हणू नका!

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर पंखा आणि वही!