मैदानावरील बाई

गतवर्षीं पालकसभा संपून सर्व मंडळी उठून गेल्यावर एक गृहस्थ मागें राहिले. त्यांची कन्या त्या वेळीं आमच्या शाळेंत आठवीच्या वर्गांत होती. धांवण्यांत तिचा हात धरील अशी दुसरी मुलगी वर्गांत नव्हती. असें असूनही त्या वर्षीं तिनें खेळांतून आपलें नांव काढून घेतलें होतें. आम्हीं त्याचें कारण विचारतां ते शांतपणें म्हणाले, "मुलीस खेळूं द्या असें आपण सांगतां, तें आम्हांसही पटतें. परंतु मैदानावर तिच्यापाशीं कोण असतें?"

आमच्या शाळेंत वर्गांत शिकविणाऱ्या बाई पुष्कळ आहेत. मैदानावर मात्र त्या वेळीं एकही नव्हती. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तो प्रश्न वर्षभर मनांत घोळत राहिला, आणि त्याचा विचार करतां करतां आम्ही अशा एका खेळापाशीं येऊन पोहोंचलों कीं, जो आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलाही नसेल. त्या खेळाची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण मुलींच्या खेळाचें मर्म कशांत आहे हें तिच्यावरून जसें स्पष्ट दिसतें, तसें दुसऱ्या कशावरून क्वचितच दिसेल.

त्या खेळाचें नांव लॅक्रोस. दांड्याच्या टोकास जाळी बांधलेली असते. त्या जाळीनें रबराचा भरीव चेंडू झेलावयाचा, धांवतांना तो जाळींत सांभाळावयाचा, सोबतिणीकडे फेंकावयाचा आणि अखेर प्रतिपक्षाच्या गोलांत घालावयाचा. धांवतांना चेंडू पडूं नये म्हणून दांडा सारखा झुलवावा लागतो, आणि या क्रियेस इंग्रजींत जो शब्द आहे त्याचा अर्थ पाळणा हलविणें असाच आहे. स्त्रीच्या हातीं पाळण्याची दोरीच तेवढी शोभते असें म्हणणाऱ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी!

हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेंतील आदिम रहिवाशांचा. इतिहासांत इरोक्वॉय या नांवानें ओळखले गेलेले होडेनोशोनी लोक तो निर्मात्याची देणगी मानतात. लांकडी दांड्यास स्त्रियांनीं स्पर्श करूं नये असा त्यांच्यांत पूर्वापार दंडक आहे. मग हा खेळ मुलींच्या हातीं आला कसा? तो आला एका शाळेंतून, आणि शिक्षिकांच्या द्वारें.

स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज गांवीं सन १८७७ मध्यें मुलींसाठीं सेंट लेनर्ड्स नांवाची शाळा निघाली. लुईझा लम्सडेन या तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका. केंब्रिजचें गर्टन महाविद्यालय १८६९ मध्यें प्रथम हिचिन येथें सुरू झालें, तेव्हां त्याच्या पहिल्या पांच विद्यार्थिनींपैकीं त्या एक होत्या. १८८४ मध्यें कॅनडाच्या प्रवासांत त्यांनीं लॅक्रोसचा सामना पाहिला व तो त्यांच्या मनांत भरला. पुढें १८९० मध्यें, त्यांच्यामागून मुख्याध्यापिका झालेल्या फ्रान्सिस जेन डव्ह यांच्या कारकीर्दींत, सेंट लेनर्ड्सच्या मैदानावर मुली प्रथम हा खेळ खेळल्या. १८९६ मध्यें डव्हबाईंनीं इंग्लंडांत विकम ॲबी ही शाळा काढली. तेथेंही हा खेळ त्यांच्याबरोबर गेला. सेंट लेनर्ड्सच्याच एक विद्यार्थिनी रोझाबेल सिंक्लेअर पुढें अमेरिकेंत गेल्या, आणि १९२६ मध्यें बाल्टिमोर शहरांतील ब्रिन मॉर या मुलींच्या शाळेंत त्यांनीं मुलींचा संघ उभा केला. जो खेळ अमेरिकेच्या भूमींतून निघाला, तो बेचाळीस वर्षांनीं मुलींचा होऊन त्याच भूमीवर परतला.

यांत सरकारी हुकूम नव्हता किंवा कोणा धनिकाची देणगीही नव्हती. एका बाईंनीं पाहिलें, दुसऱ्या बाईंनीं शिकविलें, आणि जी शिकली तिनें समुद्रापलीकडे जाऊन पुन्हां शिकविलें. दिव्यानें दिवा लावावा तसा हा खेळ पसरला. त्या शिक्षिकांनीं मुलींच्या खेळांत अंगावर धडकून जाण्यास मनाई ठेविली, व वेग, अचूक झेल आणि सोबतिणीची जाण यांवर भर दिला. त्यांत त्या काळच्या नाजुकपणाच्या कल्पनांचाही कांहीं अंश होता हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यामुळें मुलींचा खेळ हा मुलग्यांच्या खेळाची फिकी नक्कल न होतां स्वतंत्र विद्या होऊन बसला, हेंही तितकेंच खरें.

आतां कोणी म्हणेल, शिकविणारा पुरुष असो वा स्त्री असो, विद्या तीच. हें म्हणणें आम्ही उडवून लावीत नाहीं. मुलींस मनापासून शिकविणारे पुरुष शिक्षक आम्हीं पाहिले आहेत, व त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. तथापि दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्या मैदानावर बाई असल्यावांचून साधत नाहींत. पहिली अगदीं साधी आहे. बाराव्या-तेराव्या वर्षीं मुलीच्या शरीरांत जे बदल होतात, महिन्यांतील कांहीं दिवसांत जी अडचण वाटते, कपड्यांविषयीं जो संकोच वाटतो, तो ती पुरुष शिक्षकापाशीं बोलून दाखवीत नाहीं. ती "पाय दुखतो" असें सांगून बाजूस बसते. महिनाभरानें नांव काढून घेते. आणि मुलीस खेळाची आवडच नाहीं असा शेरा आपण मारून मोकळे होतों. दुसरी गोष्ट याहून खोल आहे. मुलीच्या हातून चूक झाली असतां पुष्कळ ठिकाणीं "मुलगी आहे, चालावयाचेंच" असें म्हणून ती सोडून देतात. ही दया नव्हे. हा अपमान आहे. जी बाई स्वतः खेळली आहे ती असें म्हणत नाहीं. ती चुकीस चूक म्हणते व पुन्हां करावयास लावते. आणि मुलगी तिच्याकडे पाहून न सांगतां समजते कीं, या विद्येचा शेवट तेराव्या वर्षीं होत नाहीं.

अमेरिकेचा अनुभव या बाबतींत फार बोलका आहे. १९७२ मध्यें तेथें जो कायदा झाला, त्यानें सरकारी साहाय्य घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत मुलगा-मुलगी असा भेद करण्यास बंदी केली. त्याआधीं १९७१-७२ सालीं तेथील माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली सुमारे २ लक्ष ९४ हजार होत्या. पुढें तो आंकडा ३० लक्षांच्या वर गेला. हें यश थोर आहे. परंतु याच यशाच्या पोटीं एक हानि लपली होती. १९७२ मध्यें महाविद्यालयांतील स्त्रियांच्या शेंकडा ९० हून अधिक संघांस शिकविणाऱ्या स्त्रियाच होत्या. २०१४ मध्यें हें प्रमाण शेंकडा ४३ च्या आसपास उतरलें. मुलींचे संघ शिकविणें हें जोंवर बहुधा तुटपुंज्या वेतनाचें काम होतें, तोंवर तें बाईंचें होतें. त्यास वेतन व मान मिळूं लागतांच तें बव्हंशीं पुरुषांकडे गेलें. मुलींस मैदान मिळालें, आणि मैदानावरील बाई उणी झाली!

या ओहोटींतही ज्या थोड्या खेळांत स्त्रियांनीं आपली जागा राखली, त्यांत लॅक्रोस एक आहे. तेथील महाविद्यालयांत मुलींच्या लॅक्रोस संघांच्या मुख्य शिक्षकांत आजही स्त्रियांचीच संख्या मोठी आहे. आमच्या मतें याचें कारण ती जुनी परंपराच होय. सिंडी टिमचल यांनीं मेरीलँड विद्यापीठाच्या मुलींस १९९५ पासून २००१ पर्यंत सलग सात वर्षें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें. त्यांच्या हाताखालीं खेळलेल्या केली अमॉन्टे-हिलर यांनीं पुढें नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत, बंद पडलेला संघ २००२ मध्यें नव्यानें मैदानांत आणला. पुरेशा खेळाडू मिळेनात. एके दिवशीं आवारांत धांवत असलेल्या दोन जुळ्या बहिणी त्यांच्या दृष्टीस पडल्या. लॅक्रोसचा दांडा त्या दोघींस ठाऊक नव्हता. परंतु बाईंनीं त्यांची चाल पाहिली आणि त्यांस संघांत बोलाविलें. २००५ मध्यें तो संघ एकही सामना न हरतां राष्ट्रीय अजिंक्यपदास पोहोंचला. धांवणाऱ्या मुलींत खेळाडू ओळखणारी ही जी दृष्टि, तीच आमच्या आठवीच्या मुलीस मिळाली नव्हती.

येथें एक आक्षेप येईल कीं, हे श्रीमंतांचे सोहळे आहेत. तो आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. लॅक्रोसचें साहित्य महाग असतें, आणि अमेरिकेंतही हा खेळ फार दिवस सुखवस्तु गोऱ्या घराण्यांतील मुलींचाच राहिला. परंतु ती भिंतही एका शिक्षिकेनेंच फोडली. टीना स्लोन ग्रीन या राष्ट्रीय लॅक्रोस संघांत खेळलेल्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठांत त्यांनीं मुलींस शिकविलें, व १९८२, १९८४ आणि १९८८ अशा तीन वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. तेवढ्यावर समाधान न मानतां १९९२ मध्यें त्यांनीं इतर तिघींच्या सहकार्यानें आपल्या समाजांतील स्त्रिया व मुली यांच्या क्रीडाशिक्षणासाठीं एक संस्था काढली. ज्या दारांतून आपणांस एकटीनें आंत यावें लागलें, तें मागून येणाऱ्या मुलींसाठीं उघडें ठेवणें, हेंच खऱ्या शिक्षिकेचें लक्षण नव्हे काय? होडेनोशोनी स्त्रियांचाही संघ या शतकांत जागतिक सामन्यांत उतरूं लागला आहे. आणि १९०४ व १९०८ या दोन्ही ऑलिंपिकांत ज्या खेळाचीं पदकें केवळ पुरुषांनीं घेतलीं, तो २०२८ च्या ऑलिंपिकांत स्त्रिया व पुरुष या दोघांसाठींही घ्यावा, असा निर्णय २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत झाला. ज्या बैठकींत तो झाला ती बैठक आपल्या मुंबईसच भरली होती.

आमच्या शाळेनें लॅक्रोस सुरू करावा असें आमचें म्हणणें नाहीं. आमच्या मुलींस खो-खो आहे, लंगडी आहे, कबड्डी आहे. आणि या खेळांस मोकळें पटांगण व बारा-पंधरा जणींचा उत्साह पुरतो. उणीव साहित्याची नाहीं, बाईंची आहे. आणि ही उणीव भरून काढण्यासाठीं दूर जाण्याचेंही कारण नाहीं. वर सांगितलेला प्रश्न आम्हीं शिक्षकांच्या खोलींत काढला, तेव्हां भूगोल शिकविणाऱ्या आमच्या एक सहकारिणी सहज म्हणाल्या कीं, विद्यार्थिदशेंत त्या आपल्या जिल्ह्याच्या खो-खो संघांत होत्या. कित्येक वर्षें त्या आमच्याबरोबर काम करीत आहेत. परंतु हें आम्हांस ठाऊक नव्हतें, कारण आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. हा दोष आमचा आहे, व तो येथें कबूल करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. आतां आठवड्यांतून दोन दिवस संध्याकाळीं त्या मैदानावर उभ्या असतात.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्या दोन दिवशीं मुलीस तासभर उशीर झाला तर तिच्यावर रागावूं नये, आणि तिच्या वांट्याचें घरकाम त्या दिवसापुरतें तिच्या भावानें करावें. शाळा सोडून गेलेल्या आमच्या ज्या विद्यार्थिनी कधींकाळीं या मैदानावर धांवल्या आहेत, त्यांनीं सुटीच्या दिवशीं यावें व लहान मुलींस दोन डाव शिकवावे. नववी-दहावीच्या मुलींनो, तुम्हीं पांचवीच्या मुलींस सूर कसा मारावा तें दाखवा. आज शिकविणारी व्हाल, तर उद्यां बाई व्हाल.

त्या गृहस्थांस वर्षभर दिलें गेलें नाहीं तें उत्तर आम्ही येथें देत आहों. आपली कन्या आतां नववींत आहे. मंगळवारीं आणि शुक्रवारीं मैदानावर तिच्यापाशीं बाई असतात. तिला पाठवावें.