आधीं आराखडा, कीं आधीं अनुभव ?

घर बांधतांना आधीं संपूर्ण नकाशा काढावा, कीं एक खोली बांधून, तींत राहून पाहून, मग पुढची बांधावी, असें विचारल्यास कोणीहि शहाणा गृहस्थ पहिल्याच पक्षास मिळेल. परंतु संगणकाचें सॉफ्टवेअर रचणाऱ्या लोकांत ह्याच प्रश्नावर पन्नासाहून अधिक वर्षें वाद चालू आहे. आणि तो आतां केवळ त्यांच्या घरचा वाद राहिलेला नाहीं.

आमच्या जासईस हें निराळें सांगावयास नको. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठीं ह्याच गांवचे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं जानेवारी १९८४ मध्यें जो लढा झाला, त्यांत पांच जणांनीं प्राण दिले. पुढें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळूं लागला. पण तो कोणास, हें ठरलें सातबाऱ्यावरील नांवावरून. तो सातबारा आज संगणकांतून निघतो. मग तो संगणक चालविणारी व्यवस्था कोणत्या रीतीनें रचली जाते, ह्याची चौकशी आपण कां करूं नये ?

पहिली रीत ‘धबधब्या’ची. गरजा लिहून काढणें, आराखडा, रचना, परीक्षा, हवाली करणें व देखभाल, ह्या पायऱ्या क्रमानें उतरावयाच्या. विन्स्टन रॉइस ह्या अमेरिकन अभियंत्यानें १९७० सालीं हा क्रम मांडला. पण केवळ एवढ्यावर विसंबणें धोक्याचें आहे, असेंहि त्यानेंच बजाविलें होतें! हींत सर्व कांहीं लेखी असतें हा गुण. वापरणाऱ्यास वस्तु अखेरीस दिसते हा दोष. दुसरी रीत बॅरी बोम ह्यानें १९८६ सालीं सांगितलेली ‘सर्पिल’: प्रत्येक फेऱ्यांत आधीं धोका तोलावयाचा, मगच पाऊल पुढें. तिसरी ‘अजाइल’. फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंतील यूटा संस्थानांत सतरा जणांनीं तिचा जाहीरनामा काढला. थोडें करावें, लोकांच्या हातीं द्यावें, त्यांचें ऐकून सुधारावें, हें तिचें सार.

आतां आपल्याकडील उदाहरण घेऊं. शेतकऱ्यानें स्वतःच शेतांत उभें राहून पिकाची नोंद मोबाइलवर करावी, ह्यासाठीं ‘ई-पीक पाहणी’ १५ ऑगस्ट २०२१ रोजीं राज्यभर सुरू झाली. पुढच्याच वर्षीं दुसरी आवृत्ति निघाली. केलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांत एकदां दुरुस्त करण्याची सोय तींत आली. चिखलांत उभ्या माणसाचें बोट चुकतें, हें कचेरींतील मेजावर बसून कसें कळावें ? येथें तिसरी रीतच योग्य.

फेरफाराची गोष्ट मात्र वेगळी. नोंद घालावी, संबंधितांस नोटीस द्यावी, हरकतीसाठीं पंधरा दिवस थांबावें, मगच ती प्रमाणित व्हावी, असा कायद्याचाच क्रम आहे. एखाद्या बहिणीचें नांव वारसांतून गळलें, तर ‘पुढच्या आवृत्तींत पाहूं’ हें उत्तर चालणार नाहीं. तोंवर जमीन विकली गेलेली असेल. येथें प्रत्येक पायरी पक्कीच हवी.

आपल्या परंपरेंतहि ह्या दोन्ही वृत्ति नांदल्या आहेत. पाणिनीनें सूत्रें रेखीव बांधलीं. तरी काय सांगितलें, काय राहिलें, काय चुकलें, ह्याचा विचार कात्यायनानें वार्तिकांत केला, व पतंजलीनें त्यावर महाभाष्य रचलें. नंतरच्यांनीं सुधारलें म्हणून मूळ रचनेचा मान उणावला नाहीं. आणि मूळ नेटकें होतें म्हणूनच सुधारणा शक्य झाली.

म्हणून आमच्या मतें रीत निवडतांना एकच कसोटी लावावी: चूक झाल्यास ती किती लवकर निस्तरतां येईल, आणि तोंवर तिचें मोल कोणास द्यावें लागेल ? वाचकांच्या घरोघरीं आज मुलें-मुली ह्या व्यवसायांत आहेत. त्यांना हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि त्याबरोबरच आपल्या सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून, त्यावरील नांवें स्वतः एकदां वाचून पाहावीं.