भाषाविचार : भावाची मुले की भावांची?

इंग्रजीत मृत्युपत्र लिहिणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या मनात आपली ठेव ‘भावाच्या मुलांना’ द्यावयाची आहे की ‘भावांच्या मुलांना’, हे मराठीत एका अनुस्वाराने कळते आणि तो कानालाही ऐकू येतो. इंग्रजीत मात्र ‘माय ब्रदर्स चिल्ड्रन’ हे शब्द दोन्ही अर्थी अगदी सारखे उच्चारले जातात. भेद राहतो तो केवळ कागदावर. अपॉस्ट्रॉफी ‘एस’च्या आधी असेल तर भाऊ एक, नंतर असेल तर भाऊ अनेक. म्हणूनच हे चिन्ह अंदाजाने टाकण्याजोगे नव्हे.

मुळात अपॉस्ट्रॉफी हे लोपाचे चिन्ह. संस्कृतातील अवग्रहाचे जणू भावंडच. जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला ‘ई-एस’ हा प्रत्यय लागे. त्यातील ‘ई’ उच्चारातून गळाली आणि पुढे तिच्या रिकाम्या जागी हे चिन्ह आले. अनेकवचनी षष्ठीत ते ‘एस’च्या नंतर लिहिण्याची रूढी तर त्याहूनही उशिरा स्थिरावली.

नियम एकच ध्यानी ठेवावा : आधी मालकाचा शब्द पूर्ण लिहावा, एक असेल तर एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, मग चिन्ह द्यावे. ‘बॉईज’ या अनेकवचनात ‘एस’ आहेच, म्हणून चिन्ह त्याच्या नंतर. ‘चिल्ड्रन’ हे ‘एस’वाचूनच अनेकवचन आहे, म्हणून तेथे आधी चिन्ह व मग ‘एस’. ज्याची मालकी आहे त्या वस्तूकडे पाहूच नये. आपला ‘चा-ची-चे’ वस्तूच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो आणि त्या सवयीने पुष्कळांची गफलत होते. इंग्रजी प्रत्ययाला वस्तूचे सोयरसुतक नाही.

सर्वनामांचे बिऱ्हाड निराळे. मराठीत आपण ‘मीचा’, ‘तूचा’ म्हणत नाही. ‘माझा’, ‘तुझा’ अशी स्वतंत्र रूपे आहेत. तसेच ‘हिज’, ‘हर्स’, ‘युवर्स’ आणि ‘इट्स’ यांना मालकी दाखविण्यासाठी चिन्हाची गरजच नाही. चिन्ह असलेले ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, म्हणजे पुन्हा लोपच! शंका आली की ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाक्य वाचावे. दोन्ही बसत नसतील तर चिन्ह नको.

चिन्हाच्या जागेबद्दल आग्रह धरणाऱ्यांत अमेरिकेच्या ॲना जार्व्हिस यांचे स्मरण होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे 1914 मध्ये तेथे मातृदिन राष्ट्रीय पातळीवर घोषित झाला. ‘मदर्स डे’मधील चिन्ह ‘एस’च्या आधीच हवे, असे त्यांचे म्हणणे. जगातील समस्त मातांचा हा दिवस नसून प्रत्येकाने आपल्या एका आईचा मान करावा, हा त्यामागील भाव.

‘एस’ने संपणाऱ्या विशेषनामांबाबत मात्र खुद्द इंग्लंडातही एकवाक्यता नाही. लंडनच्या ‘सेंट जेम्सेस पार्क’ या उद्यानाच्या नावात चिन्हापुढे आणखी एक ‘एस’ आहे. न्यूकॅसलच्या त्याच नावाच्या फुटबॉल मैदानाला नुसते चिन्ह पुरते. तेव्हा ‘दास’ आडनावाच्या वाचकांनी यांपैकी कोणतीही एक पद्धत धरावी. लग्नपत्रिकेवर मात्र ‘शहा मंडळी’ अशा अर्थाने ‘द शाह्ज’ छापावयाचे असेल तर चिन्ह कोठेच नको. ते अनेकवचन आहे, षष्ठी नव्हे.