फडक्याचा घसारा

व्यवसायाच्या नावावर मोटारगाडी घेतली की तिची नोंद मालमत्तेच्या खात्यात होते. आयकराच्या नियमानुसार तिच्या शिल्लक किमतीवर दरवर्षी १५ टक्के घसारा धरला जातो आणि लेखापाल तो बिनचूक लिहून ठेवतो. दुसरा एक घसारा मात्र कोणत्याच वहीत चढत नाही. तो रोज सकाळी घराच्या अंगणात किंवा दुकानाच्या दारात, गाडी पुसणाऱ्या हाताखाली होत असतो. चार-पाच वर्षांनी गाडी विकायला काढली की घेणारा ती उन्हात उभी करतो आणि रंगावर तिरपी नजर टाकतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोलाकार रेषा त्याला दिसतात आणि भाव तेथेच खाली येतो. गाडीची निगा राखली नाही, असे त्या कुटुंबाला कोणी म्हणू शकत नाही. निगा रोज राखली होती, फक्त फडके चुकीचे होते.

परभणी जिल्हा कापसाचा. मानवत आणि सेलू येथील बाजारपेठा कापसावर उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी पुसण्याचे फडके म्हणजे सुती, हे न सांगता ठरलेले असते. जुने धोतर, विटलेले बनियन, फाटक्या चादरीचा तुकडा, यांपैकी एखादे गाडीच्या डिकीत पडलेले असतेच. देवघर, ओटा, काच आणि पाटा-वरवंटा यांसाठी सुती कापड उत्तम आहे. मोटारीच्या रंगासाठी मात्र ते अपुरे पडते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. सर्वांत वरचा थर पारदर्शक असतो आणि चकाकी त्याचीच असते. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. या जिल्ह्यातील धूळ केवळ काळ्या मातीची नसते. रस्त्यांच्या कामांची खडी आणि क्रशरची भुकटीही तिच्यात मिसळलेली असते. सुती कापडाची वीण सपाट असते, त्यामुळे कण आत शिरायला जागा मिळत नाही. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि हात फिरेल तसा फरफटत जातो. मऊ धोतर त्या क्षणी काचकागदाचे काम करू लागते. तेव्हा कापड हाताला किती मऊ लागते हा खरा प्रश्नच नाही. कण पोटात घेण्याची जागा त्याच्यात आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

ही जागा मायक्रोफायबरच्या फडक्यात असते. कापसाच्या व्यापाऱ्याला त्याचे गणित लगेच उमगेल. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कापसाचा ओलावा पाहिला जातो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ टक्क्यांपुढे माल नाकारला जातो. त्याचबरोबर धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये आणि तलमपणा मायक्रोनेअरमध्ये मोजला जातो. कृत्रिम तंतूंचा तलमपणा डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर लांबीच्या तंतूचे वजन १ ग्रॅम भरले, तर तो तंतू १ डेनियरचा. ४ मायक्रोनेअरचा कापूस या हिशेबाने सुमारे १.४ डेनियरचा ठरतो. १ डेनियरहून बारीक तंतूला मायक्रोफायबर म्हणतात आणि पुसण्याच्या चांगल्या फडक्यातील तंतू ०.१ ते ०.२ डेनियरपर्यंत उतरतो. ०.१ डेनियरचा तंतू केवळ १ ग्रॅम घेतला आणि सरळ ताणला, तर तो ९० किलोमीटर भरेल. परभणीहून निघून नांदेड ओलांडून पुढे जाईल.

इतका बारीक तंतू थेट काढता येत नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या कुळातील पदार्थ, यांचा मिळून एकच तंतू ओढतात. तो आडवा कापून पाहिला तर मोसंबीच्या फोडींसारखी मांडणी दिसते. पुढे कापडावर गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया झाली की या फोडी सुट्या होतात आणि त्यांच्यामध्ये असंख्य सूक्ष्म खाचा तयार होतात. पाणी त्या खाचांत ओढले जाते आणि धूळही त्यांतच अडकते. असे अतितलम तंतू जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी विकसित केले आणि १९७० मध्ये त्यांपासून कृत्रिम सुएड कापड बाजारात आले. पुसण्याची फडकी ही त्या विद्येची पुढची पिढी होय.

फसगत नेमकी येथेच होते. फोडी सुट्या करण्याची प्रक्रिया खर्चिक आहे. ती न करता, किंवा अर्धवट करून विकलेले कापडही दिसायला तसेच, रंगही तेच आणि पाकिटावर शब्दही तोच. कापसाची गाठ नमुना काढल्याशिवाय न घेणारा गृहस्थ हे फडके मात्र पाकिटाचा रंग पाहून उचलतो. वास्तविक येथेही नमुना तपासता येतो आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पहिली कसोटी तळहाताची. कोरड्या, किंचित खरखरीत तळव्यावरून फडके हलकेच ओढावे. तंतू नीट सुटलेले असतील तर ते त्वचेला बारीक अडकल्यासारखे वाटते. गुळगुळीत घसरत गेले तर शंका घ्यावी. साधारणतः जे मऊ आणि निसरडे लागते ते चांगले, अशी समजूत असते. या मालाच्या बाबतीत ती उलटी ठरते.

दुसरी कसोटी पाण्याची. स्टीलच्या ताटात चमचाभर पाणी सांडून त्यावरून फडके न दाबता फिरवावे. चांगले फडके पाणी उचलते. कमअस्सल फडके पाणी पुढे ढकलते आणि ताटात ओघळ ठेवते.

तिसरी कसोटी तराजूची. पाकिटावर जीएसएम लिहिलेले असते, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ४० सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद फडक्याचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर. त्यावर ४०० जीएसएम छापले असेल तर वजन ६४ ग्रॅम भरले पाहिजे. किराणा किंवा सराफी दुकानाच्या काट्यावर ते ४५ ग्रॅमच भरले, तर माल ४०० चा नसून सुमारे २८० चा आहे. काठाच्या शिलाईचे वजन त्यात धरलेले असूनही ही तूट, म्हणजे प्रत्यक्ष कापड त्याहूनही हलके. मात्र केवळ वजनावर भुलू नये. तंतू न सुटलेले जाड कापडही वजनात भरते, म्हणून तराजू आधीच्या दोन कसोट्यांनंतरच काढावा.

चौथी कसोटी काठाची. कडक धाग्याने शिवलेला काठ आणि त्यात अडकवलेली कंपनीची पट्टी, या दोन्ही गोष्टी रंगावर ओरखडे काढू शकतात. मऊ पट्टीचा काठ किंवा शिलाईविना कापलेली कड घ्यावी. पट्टी असेल तर वापरापूर्वी ती उसवून टाकावी.

मिश्रणाचे प्रमाण बहुधा ८०:२० किंवा ७०:३० असे लिहिलेले असते. त्यात मोठा आकडा पॉलिएस्टरचा आणि लहान पॉलिअमाइडचा. पॉलिअमाइडचा वाटा वाढला की कापड अधिक पाणी धरते आणि महागही होते. रोजच्या कामाला ८०:२० पुरेसे आहे. काचेसाठी आखूड लवीचे, २५० ते ३०० जीएसएमचे. सर्वसाधारण पुसण्यासाठी आणि पॉलिश उतरवण्यासाठी ३५० ते ४०० चे. धुतल्यानंतर पाणी टिपण्यासाठी लांब लवीचे, ६०० किंवा त्याहून अधिकचे घ्यावे. बंद पाकीट घेताना उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव, मालाचा मूळ देश, नगसंख्या आणि कमाल किरकोळ किंमत पाहावी. २०११ च्या वैधमापन नियमांनुसार ही माहिती छापणे बंधनकारक आहे. जो हे छापत नाही, त्याने छापलेल्या जीएसएमवर विश्वास का ठेवावा?

चांगले फडकेही वापराच्या शिस्तीशिवाय वाया जाते. स्वयंपाकघरात दूध गाळण्याचे फडके आणि ओटा पुसण्याचे फडके कोणी एकत्र करीत नाही. तोच नियम येथे लावावा. चाकांचे, आतल्या भागाचे, काचेचे आणि रंगाचे फडके वेगवेगळ्या रंगांचे ठेवावे. फडक्याची दोनदा घडी घातली की दोन्ही बाजू धरून आठ कोऱ्या पृष्ठभागांचा वापर करता येतो. एक मळला की दुसरा वर घ्यावा. जमिनीवर पडलेले फडके झटकून पुन्हा रंगावर फिरवू नये, ते त्या क्षणापासून चाकांचे झाले.

एक गोष्ट तर निक्षून सांगितली पाहिजे. धुळीने माखलेली कोरडी गाडी कितीही महाग फडक्याने पुसली तरी ओरखडे पडतातच. आधी पाण्याने धूळ उतरवावी, मगच हात लावावा. पाण्याची टंचाई असेल तर रोज कोरडे पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्याने नीट धुणे चांगले. उन्हाळ्यात पत्रा तापलेला असताना गाडी धुऊ नये. बोअरच्या पाण्यातील क्षार क्षणात वाळतात आणि पांढरे डाग धरतात. सकाळी सावलीत धुऊन लगेच पाणी टिपावे.

फडकी धुताना सुती कपड्यांत मिसळू नयेत, कारण कापसाची लव त्यांच्या खाचांत जाऊन बसते. पातळ साबण आणि थंड किंवा कोमट पाणी पुरते. कपडे मऊ करणारे द्रव, ब्लीच, कडकडीत पाणी आणि इस्त्री ही चारही वर्ज्य. द्रवाने खाचा बुजतात, उष्णतेने तंतू वितळून कडक होतात. शिवाय हा माल अखेर प्लास्टिकचाच असल्याने प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तंतू पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून स्वस्तातील डझनभर फडकी घेऊन महिन्याभरात फेकण्यापेक्षा मोजकी, चांगली घेऊन ती दीर्घकाळ टिकवणे खिशाला आणि पाण्याला, दोहोंना हितावह.

या वाचकवर्गातील अनेक कुटुंबांचा मोटारींच्या सुट्या भागांचा, कापडाचा किंवा किरकोळ मालाचा व्यापार आहे. त्यांच्यासाठी ही कसोटी दुहेरी आहे. गल्ल्याशेजारी एक लहान काटा, एक ताट आणि चमचाभर पाणी ठेवून गिऱ्हाइकासमोर फडके तपासून दाखवायला काही खर्च येत नाही. स्वस्त माल ठेवण्यात गैर काही नाही, कारण चाके पुसायला तोही लागतो. मात्र तो चाकांसाठी आहे, हे विकताना सांगितले पाहिजे. न सांगता विकलेल्या फडक्याचा नफा दुकानाच्या वहीत जमा होतो आणि त्याचा घसारा गिऱ्हाइकाच्या गाडीवर उमटतो.