हलगीला खोली शिकवा

दोस्तांनो, आधी कबुली. त्या दिवशी हलगी मीच वाजवत होतो. तेव्हा हे लिखाण दुसऱ्या कुणाला झोडपण्यासाठी नाही. पहिला रट्टा माझ्याच पाठीत.

आमच्या वस्तीतलं विहार. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटचा गिलावा, वर पत्रा. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. साठ-सत्तर माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. चार हलग्या, एक घुमकं, एक कैताळ. आणि एवढ्याशा जागेत भाड्याने आणलेले दोन स्पीकर. एक माइक गाणाऱ्याला, दुसरा हलगीला. होय, हलगीला! जिचा आवाज ओढ्यापलीकडं जातो तिला पंधरा फुटांच्या खोलीत माइक!

आमच्या गल्लीतली एक मावशी आहे. मागाच्या खात्यात कांड्या भरते. तिचा नवरा मागावरच राबून राबून गेला. त्याच्यावर तिने स्वतः गाणं जुळवलं होतं. लिहायला येत नाही, सगळं डोक्यात. आयुष्यात पहिल्यांदा बाई चार माणसांपुढं उभी राहिली. आणि आम्ही काय केलं? आम्हाला चेव आला. मावशी गातेय, आता दणक्यात होऊ द्या! तिने दोन कडवी म्हटली. मान वळवून आमच्याकडं बघितलं. तिसऱ्या कडव्याला नुसते ओठ हलले. मग खाली बसली. टाळ्या कडकडल्या. आम्ही घामाघूम, खूश.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, गाणं एक नंबर झालं."

ती म्हणाली, "त्येचं नाव कितव्या वळीत हुतं, सांग बरं."

मला सांगता आलं नाही. विहारातल्या एकालाही सांगता आलं नसतं. सत्तर माणसांनी एका मेलेल्या कामगाराच्या नावाला टाळ्या वाजवल्या आणि नाव कुणीच ऐकलं नाही.

ह्याला आपण विद्रोह म्हणतो. मी म्हणतो, हा विद्रोहाचा देखावा आहे.

हे बोललो की मंडळी अंगावर येतात. "हलगी म्हणजे आपला हुंकार. हलगी हळू वाजव म्हणतोस? पांढरपेशा झालास काय रं? बैठकीत तानपुरा घेऊन बसायचंय तुला?" ठीक. मग हलगीचीच गोष्ट नीट लावून बघू.

माझा आजा गावात हलगी वाजवायचा. दवंडी त्याची. जत्रेत देवळापुढं वाजवायचा, पण पायरी चढायची नाही. वरातीपुढं वाजवायचा, पण मांडवात पाय ठेवायचा नाही. मयतापुढं वाजवायचा. जेवायला सगळ्या पंगती उठल्यावर, उकिरड्याच्या कडेला. साऱ्या गावाचा शुभ-अशुभ आवाज त्याच्या हातात, आणि तो स्वतः कायम उंबऱ्याबाहेर. आता सांगा, त्या वाद्याला एवढा मोठा आवाज कशाला लागला? आत बसलेल्याला बाहेरचं ऐकू जावं, आणि वाजवणाऱ्याला आत घ्यायची पाळी येऊ नये, म्हणून! आमच्या हाताला जी ताकद आली ती उंबऱ्याबाहेरच्या अंतराने आली. त्या ताकदीचा मला अभिमान आहे. पण ते अंतर मला विहारात आणायचं नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. गावाच्या हुकमावर राबणारी माणसं मोकळी व्हावीत म्हणून. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी वस्त्यांनी गावकीचं वाजवणं टाकून दिलं, त्यापायी गावाचा मारही खाल्ला. तीच हलगी आज आपण आपल्या मर्जीने हातात घेतली. चांगलं केलं. हुकमाचं वाद्य आपण मोर्चाचं वाद्य केलं. पण मर्जीने घेतलेलं वाद्य मर्जीने थांबवताही आलं पाहिजे. थांबवता येत नसेल तर हुकूम अजून चालूच आहे. फक्त देणारा बदललाय.

आता खोलीत काय होतं ते बघा. ह्याला शास्त्र आहे, आणि शास्त्र कुणाच्या बापाचं नाही.

उघड्या माळावर हलगीपासून दुप्पट लांब गेलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. माळ आवाज गिळतो. खोली गिळत नाही, ती परत फेकते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. वीस फुटांच्या खोलीत तो सेकंदात पन्नासएक वेळा भिंतीवर आपटतो. फरशी फेकते, गिलावा फेकते, पत्रा फेकतो. एक ठोका विरायच्या आत दुसरा येऊन बसतो. शेवटी ठोके राहत नाहीत, नुसता गोळा होतो. म्हणजे हलगीसुद्धा हलगी राहत नाही. ज्या हातचलाखीसाठी आजाने आयुष्य घातलं, जाड टिपरूचा घुमारा आणि बारीक काडीची तडतड, ती ह्या गोळ्यात कुणाला कळते?

आणि शब्दाचं काय होतं? आपल्या बोलण्यात स्वर धट्टेकट्टे. आ, ई, ओ लांबवर जातात. व्यंजनं दुबळी. क, त, प, स, श हे आवाज क्षणभराचे आणि बारीक. काडीची तडतड बरोबर त्यांच्याच अंगावर पडते. 'भाकरी' मधलं काय उरतं? आ, अ, ई. 'चाकरी' मधलं काय उरतं? तेच आ, अ, ई. मग शाहीर भाकरी म्हणाला का चाकरी, पाठीमागच्या माणसाने ओळखायचं कसं? आणि आपला सगळा झगडा तर ह्या दोन शब्दांमधल्या फरकाचाच आहे.

हे मला पुस्तकाआधी खात्यानं शिकवलं. मी मागावर काम करतो. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग, प्रत्येकावर धोटा इकडून तिकडं आपटतोय. शेजारच्या मागावरल्याला हाक मारायची सोय नाही. हातवारे करायचे, ओठ वाचायचे. कारखान्याच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही हद्द. त्याच्या वर दर पाच डेसिबलला वेळ निम्मा. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्याच्या रोगांच्या यादीत आहे. यादी कागदावर आहे. शेड तुकडे करून वेगवेगळ्या नावांवर दाखवली की कायदा दारातूनच परत जातो. मग कान आमचेच जातात. आणि जातात तेव्हा आधी बारीक, चढे आवाज जातात. तेच ते, स, श, त, क.

म्हणजे बघा. आपल्या विहारात पुढं बसलेला म्हातारा तीस वर्षं मागावर काढून आलेला. त्याची अर्धी व्यंजनं मालकाच्या शेडने खाल्लीत. उरलेली आम्ही हलगीखाली चिरडतो. आणि वर बॅनर लावतो, प्रबोधन मेळावा! कशाचं प्रबोधन? रात्रपाळी करून आलेल्या माणसाला पुन्हा शेडमध्ये बसवलं तुम्ही. एवढंच की इथं हजेरी लागत नाही.

आता एक गोष्ट ठणकावून सांगतो, नाहीतर माझ्या लिखाणाचा उपयोग भलतेच लोक करतील. आवाजाचा नियम २००० साली आला. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा वाद्यांना बंदी. नियम सर्वांना सारखा, असं कागद म्हणतो. पण गणपतीच्या आधी आठवडेच्या आठवडे ढोलपथकांचा सराव घुमतो तेव्हा ती संस्कृती असते, आणि आमच्या जयंतीला दहाला पाच कमी असताना गाडी येऊन उभी राहते तेव्हा तो गोंगाट असतो. ज्यांना आमचा आवाजच नको, त्यांच्या शांततेसाठी मी टिपरू तसूभरही हलकं करणार नाही. त्यांची शांतता आमच्या तोंडात बोळा कोंबून तयार झालेली आहे.

पण त्याच नियमात एक गंमत आहे. रात्री बंदिस्त सभागृहात वाजवायला सूट आहे. कशासाठी? आतल्या माणसांशी आतल्या आत संवाद व्हावा म्हणून. सरकारी कागदालाही कळलं की चार भिंतींच्या आतली जागा बोलण्या-ऐकण्यासाठी असते. आपल्याला कळू नये?

जे कचेरीपुढं वाजवायचं ते कचेरीपुढं वाजवा. तिथं चार काय, चाळीस हलग्या आणा. तिथं आत बसलेल्याची खिडकी हादरली पाहिजे. तिथं हलगीचं कामच ते. पण विहारात कोण बसलंय? तिथं साहेब नाही, मालक नाही. तिथं मावशी आहे, म्हातारा आहे, आईच्या मांडीवर कान झाकून रडणारं पोर आहे. तुम्ही कुणावर हल्ला करताय?

आपली परंपरा काढून दाखवा म्हणतात. दाखवतो. सत्यशोधकांचे जलसे झाले, मग आंबेडकरी जलसे झाले. भीमराव कर्डकांनी नाशिककडून जलसा उभा केला तेव्हा प्रत्येक गावात लाऊडस्पीकर कुठला? ढोलकी होती, झांज होती, पण त्यांनी शब्दाला खांद्यावर घ्यायचं होतं, पायाखाली नाही. पोवाड्याची रीत बघा. शाहीर डफावर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि कथा गद्यात सांगायची वेळ आली की डफ गप्प. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. ते गिरणगावात गाजलं ते काय डफ फुटेस्तोवर बडवला म्हणून? कामगाराला त्यातला शब्द अन् शब्द आपला वाटला म्हणून. आणि बीडीडी चाळीतली खोली किती? १६० चौरस फूट. तेवढ्यात संसार, तेवढ्यातच गाण्याची तालीम. खोली लहान असणं हा आपला इतिहास आहे. लहान खोलीत कसं गावं हे आपल्याला कळायचं नाही तर कुणाला?

तर मी आणि आमच्या पोरांनी गेले काही महिने जे करून बघितलं ते सांगतो. पटलं तर घ्या.

पहिलं, हलगीचा माइक काढा. ह्यावर चर्चा नको.

दुसरं, चारच्या दोन हलग्या केल्या म्हणजे झालं, असं समजू नका. वाजवणारे निम्मे केले तरी आवाज तीनच डेसिबल उतरतो. आकडा कमी करून भागत नाही, हात बदलावा लागतो. खोलीत टिपरू बाजूला ठेवा, बोटांनी वाजवा. नाहीतर दिमडी घ्या. चामड्याचं पान असेल तर कमी शेका. फायबरचं असेल तर त्यावर फडकं टाका. लाज वाटते? मला वाटली होती. दोन दिवसांत गेली.

तिसरं, वाजवणारे कोपऱ्यात बसवू नका. कोपरा आवाज वाढवतो. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीला सतरंजी टांगा, समोरच्या भिंतीला वाकळ टांगा. आयांच्या वाकळा आवाज पितात. एवढं स्वस्त यंत्र बाजारात मिळायचं नाही.

चौथं, गाणारा पुढं, वाजवणारा बाजूला. ओळ चालू असताना हात खाली. ओळ संपली की वाजवा, झीलकऱ्यांबरोबर वाजवा, दणकून नाही, पण जीव ओतून.

पाचवं आणि खरं. प्रत्येक गाण्यानंतर सगळ्यात मागं बसलेल्या बाईला विचारा, शेवटची ओळ काय होती? तिने सांगितली तर तुमचा कार्यक्रम झाला. नाही सांगितली तर झाला नाही. मग टाळ्या कितीही पडू द्यात, आणि फोनात फोटो कितीही निघू द्यात.

हळू वाजवणं म्हणजे भिणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. जोरात वाजवायला दंड लागतात. खोलीत शब्दाच्या मापाने वाजवायला दंड, कान आणि आपल्या माणसाविषयी आदर, तिन्ही लागतं. माझ्याकडं दंड होते. बाकीचं मी अजून शिकतोय.

कारण आपल्याला हजारो वर्षं काय नाकारलं? आवाज नाही नाकारला. आवाज तर त्यांनी आमच्या आजाच्या गळ्यात बांधलाच होता. नाकारला तो शब्द. ऐकायचाही आणि बोलायचाही. तो बाबासाहेबांनी मिळवून दिला, आणि आपण तो आपल्याच हाताने, आपल्याच विहारात, आपल्याच आयाबहिणींच्या तोंडातून काढून घेतोय. हे मला झोपू देत नाही.

मावशीकडं परवा गेलो होतो. म्हटलं, १४ एप्रिलला पुन्हा गाशील का, आम्ही नीट वाजवतो. ती कांड्या भरता भरता म्हणाली, "बघू." मग म्हटलं, मावशी, ते गाणं मला आत्ता म्हणून दाखव, वाजवायचं काही नाही, नुसतं ऐकतो. तिने म्हटलं. खात्यातल्या आवाजात तोंडाला कान लावून ऐकलं.

नाव चौथ्या ओळीत आहे.

जयभीम.