टोपी फिरवण्याचे शास्त्र

पवईला विहार तलावाच्या परिसरात केंद्र सरकारने १९६३ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी एक राष्ट्रीय संस्था स्थापन केली. २०२३ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ही संस्था ‘भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई’ झाली. नाव बदलल्याचा आनंद अनेकांनी मानला. पदवीची किंमत वाढली, नोकऱ्यांचे आकडे फुगतील, एवढाच त्या आनंदाचा आशय होता. नावातून ‘उद्योग’ गेला, ‘अभियांत्रिकी’ गेली; उरले ते व्यवस्थापन. कशाचे व्यवस्थापन, हे सांगण्याची गरजही कोणास वाटली नाही.

जुन्या संस्थेचा काळ सोन्याचा होता असे मुळीच नव्हे. औद्योगिक अभियांत्रिकीचे कूळ अमेरिकेच्या फ्रेडरिक टेलरपाशी पोहोचते. हाती घड्याळ घेऊन कामगाराच्या हालचाली मोजणाऱ्या या गृहस्थाने १९११ साली आपले ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ ग्रंथरूपाने मांडले. विचार करण्याचे काम कारखान्याच्या जमिनीवरून उचलून नियोजन-कचेरीत न्यावे, हे त्याचे सार. मुंबईच्या गिरणी कामगाराला हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळ, हे त्याला ‘सुसूत्रीकरण’ या गोंडस नावाखाली सांगण्यात आले, आणि १९२८ साली सुमारे सहा महिन्यांच्या संपाने त्याने त्याचे उत्तर दिले. तरीही जुन्या अभ्यासक्रमाला निदान यंत्राजवळ उभे राहावे लागे. तेथे तेल होते, उष्णता होती, आणि घड्याळ लावून का होईना, समोर माणूस होता.

आजच्या अभ्यासक्रमपत्रिकेत तो माणूस ‘मनुष्यबळ’ या सदरात सापडतो. भांडवल आणि कच्चा माल यांच्या शेजारी. एकेकाळी याच पवईत ‘औद्योगिक सुरक्षा व पर्यावरण व्यवस्थापन’ अशी स्वतंत्र पदविका होती, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. आता पदवीच्या नावात ‘शाश्वतता’ आली आहे. शब्द भारदस्त आहे, परदेशी परिषदांत शोभणारा आहे. मात्र त्याच्या उच्चाराने कोणत्याही मालकाच्या कपाळावर आठी पडत नाही. ‘सुरक्षा’ म्हटले की झडप, नळी, दुरुस्तीचा खर्च आणि कामावरची माणसे यांचा हिशेब द्यावा लागतो.

हा हिशेब न दिल्याने काय होते, ते भोपाळने दाखवले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला तेव्हा साठ्याची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारा मनोराही दुरुस्तीअभावी निकामी होता. त्या विभागातील कामगारांची संख्या आधीच जवळपास निम्म्यावर आणली गेली होती. खुद्द कंपनीच्या अमेरिकी तपासनीसांनी १९८२ साली धोके लिहून दिले होते. कामगार संघटना ओरडत होत्या. ज्ञान कमी पडले नव्हते. खर्च कमी करण्याचे निर्णय त्या ज्ञानाच्या डोक्यावरून घेतले गेले होते, आणि ते घेणारी माणसे अडाणी नव्हती.

सव्वा वर्षाने, २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, अमेरिकेत ‘चॅलेंजर’ यानाच्या अग्निबाणाचे अभियंते सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कडी दगा देतील, उड्डाण नको. तेव्हा कंपनीच्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सुनावले की, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने ती घातली. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत सात माणसे गेली. मराठीत टोपी फिरवणे याचा जो अर्थ होतो, तोच येथे अक्षरशः घडला. प्रश्न असा की, अभियंत्यांना व्यवस्थापन शिकवणारी विद्यापीठे यांपैकी कोणती टोपी शिवत आहेत?

या शिक्षणाचे समर्थक म्हणतात की, अभियंत्याला पैशाचे गणित यायला नको काय? अवश्य यावे. पूल बांधणाऱ्याला अंदाजपत्रक कळलेच पाहिजे. परंतु मग व्यवस्थापकाला गंजलेली नळी कळायला नको काय? देवाणघेवाण एकाच दिशेने का? सरकारी पैशाने घडलेला अभियंता याच सरकारी व्यवस्थापन संस्थांत शिरतो. अहमदाबादच्या संस्थेत त्यासाठी वीस लाखांहून अधिक रुपये मोजतो. एवढे कर्ज डोक्यावर घेतलेला तरुण कारखान्याच्या पाळीवर जाईल की सल्लागार कंपनीच्या वातानुकूलित खोलीत, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याला दोष देणे सोपे आहे. दोष त्या कर्जाचा आणि ते लादणाऱ्या धोरणाचा आहे.

दुसरा मार्ग नाही असे नाही. पवईतच, तंत्रविज्ञान संस्थेच्या आवारात, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचा विचार करणारे केंद्र १९८५ पासून आहे. तेथील विद्यार्थी गावच्या पाणीयोजनेपाशी जातात, नळाला पाणी का येत नाही ते विचारतात. पण अशा केंद्रांच्या पदव्यांचा बाजारभाव वर्तमानपत्रांत छापून येत नाही.

पवईहून तासा-दीड तासाच्या वाटेवर डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आहे. २०१६ च्या मे महिन्यात तेथे एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, लोक मेले. २०२४ च्या मे महिन्यात दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला, पुन्हा लोक मेले. तेव्हा व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभियंता-विद्यार्थ्याचे एक सत्र या वसाहतीत सक्तीचे करावे. त्याने कंत्राटी कामगाराबरोबर रात्रपाळी करावी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाबरोबर फिरावे, आणि आपला अहवाल मराठीतून त्या कामगारांसमोर वाचून दाखवावा. त्याला गुण देणाऱ्यांत त्या कारखान्यातील एक कामगार असावा.